पाचशे रुपयांचं चलान

साखर पेठेतल्या जुन्या पत्त्यावर आलेलं पाकीट
सादूलांची सून आणून देऊन गेली.
विनाहेल्मेट. दुपारी बारा चाळीस. अक्कलकोट रोड.
मी तर त्या वेळी पंख्याखाली बनियनवर
कडक भाकरी मोडत बसलेलो.
मग गाडीचा नंबर वाचला
आणि भाकरी हातातच राहिली.

बावीस वर्षं झाली येझदी विकून.
घेणारा कुंभारीचा, आडनावही आठवत नाही,
म्हणाला होता, आठ दिवसांत नावावर करून घेतो बघा.
ते आठ दिवस अजून चालू आहेत.
कागदावर अजून मीच मालक.

किक मारायची, आणि तोच दांडा
पुढं पाडला की गिअर.
नवख्याला सापडायचाच नाही.
लिटरला चाळीस मिली तेल,
एप्रिल-मेला अंदाजानं थोडं वर.
दस्तगीर मिस्त्री म्हणायचा,
"इधर की धूप में पिस्टन को भी प्यास लगती, भाई."
वर्षातून एकदा सायलेन्सरच्या नळ्या काढून
तो कॉस्टिकमध्ये बुडवायचा,
काळं काळं निघायचं, माझ्या सगळ्या फेऱ्यांचं.

तुळजापूरचा घाट उतरताना
नरसय्या गज्जम मागून ओरडायचा, क्लच दाब बे,
मूठ मिटून उतरलास तर कोरडी पडंल, जाम हुईल!
दाबायचो. मग नुसता वारा
आणि खाली पिवळे दिवे.
एकदा नळदुर्गच्या अलीकडं प्लग गेला.
रात्री दीडला रस्त्याकडेला बसून
काडेपेटीच्या कडेनं प्लग घासला.
पेट्रोलच्या हातांनी काडी ओढायची नाही, हे नरसय्याला
तिसऱ्या काडीला आठवलं.
इतकं हसलो, की चालू झाल्यावरही
निघायला दहा मिनिटं लागली.

वडलांचे कान मिलच्या साच्यांनी खाल्लेले.
भोंगा ऐकू यायचा नाही, हाक नाही,
दारावरची थाप नाही.
पण येझदी गल्लीत वळली
की फळीवरचे पेले किणकिणायचे,
आईच्या सुपातली विडीची पानं हलायची,
आणि ते, शहाबादी फरशीवर तळहात टेकवून बसलेले,
न बघताच म्हणायचे,
"चाय पेट्टु. वच्चिंडु."
चहा ठेव. आला.

का विकलीस, विचारायचे लोक.
बायकोला सांगितलं, पार्ट मिळत नाहीत.
दस्तगीरला सांगितलं, बायको नको म्हणते.
नरसय्यानं विचारलंच नाही.
वडील गेल्यावरही पेले वाजतच होते,
रोज, सहा-सव्वासहाला.
चहा कुणी ठेवत नव्हतं.

तर चलानवरचा फोटो.
टाकी आता हिरवी, रंग ब्रशनं मारलेला.
मागं चादरींचे दोन गठ्ठे सुतळीनं आवळलेले,
पुढं विशीतलं पोरगं, केस उडालेले,
तोंड उघडं, गात असावं
किंवा शिव्या देत असावं सिग्नलला.
गड्ड्याच्या गर्दीत खांबाला लागून पडलेला पोचा
टाकीवर तिथंच आहे.
आणि मागं धूर. निळा. आमचाच.
नंबरचा शेवटचा आकडा त्यात अर्धा बुडालेला,
तरी कॅमेऱ्यानं काढला शोधून.

खिडकीवरची बाई म्हणाली, काका,
गाडी विकली म्हणून अर्ज लिहून द्या,
नाव निघेल, पुन्हा त्रास नाही.
म्हटलं, असू द्या.
पाचशेची नोट सरकवली.
तिनं पावती फाडली, शिक्का मारला, वर बघितलं,
मी अजून तिथंच.

"मॅडम, ह्या फोटोची
एक प्रत मिळेल का?
रंगीत."